लाँड्री सर्व्हिस

लाँड्री सर्व्हिस : कोलंबियन गायिका व गीतकार शकिरा (जन्म २ फेब्रुवारी १९७७, बारांकिया) हिचा पहिला इंग्रजी स्टुडिओ अल्बम. एपिक रेकॉर्ड्सने तो अमेरिकेत १३ नोव्हेंबर २००१ रोजी बाजारात आणला. स्पेन आणि लॅटिन अमेरिकेत तो ‘सेर्विसिओ दे लावान्देरिया’ या नावाने निघाला. अर्थ तोच, कपडे धुण्याची सेवा. हे वर्ष आपण प्रेम आणि संगीत या दोनच गोष्टींना दिले आणि साबण-पाण्याने धुऊन निघावे तसे झाले, असा नावाचा खुलासा शकिराने केला होता.

‘पहिला इंग्रजी अल्बम’ हे वर्णन रूढ असले तरी ते सैल आहे. एकूण तेरा गाण्यांपैकी नऊ इंग्रजी आणि चार स्पॅनिश आहेत. त्या चारांपैकी ‘सुएर्ते’ आणि ‘ते आविसो, ते आनुन्सिओ’ ही याच अल्बममधल्या ‘व्हेनेव्हर, व्हेअरेव्हर’ आणि ‘ऑब्जेक्शन (टँगो)’ या इंग्रजी गाण्यांची स्पॅनिश रूपे. ‘ते देखो माद्रिद’ आणि ‘के मे केदेस तू’ ही दोन मात्र स्पॅनिशमध्येच आहेत, त्यांना इंग्रजी जोड नाही. स्पॅनिशभाषक देशांतल्या आवृत्तीत गाण्यांचा क्रम वेगळा असून स्पॅनिश गाणी पुढे घेतलेली आहेत. त्यामुळे ‘तिसरे गाणे’, ‘शेवटचे गाणे’ असे उल्लेख वाचताना कोणती आवृत्ती अभिप्रेत आहे ते आधी पाहावे लागते.

क्रमांकाचाही घोळ आहे. ‘माखिया’ (१९९१) आणि ‘पेलीग्रो’ (१९९३) हे किशोरवयातले दोन अल्बम धरले तर हा पाचवा. हे दोन्ही फारसे खपले नाहीत, आणि पुढे शकिराने त्यांना आपल्या कारकिर्दीत जवळपास स्थान दिले नाही. ‘पिएस देस्काल्सोस’पासून (१९९५) मोजणारे याला तिसरा म्हणतात. संदर्भग्रंथांचा कल पाचव्याकडे आहे आणि तोच ग्राह्य धरावा. कलावंताला नकोसे झाले म्हणून प्रकाशित झालेले काही अप्रकाशित होत नाही.

पार्श्वभूमी : १९९९ साली अमेरिकेत लॅटिन पॉपची लाट उसळली. रिकी मार्टिन, जेनिफर लोपेझ, मार्क अँथनी आणि एन्रिके इग्लेसियास यांचे इंग्रजी अल्बम त्या एकाच वर्षात आले. शकिरा या लाटेत नव्हती. तेव्हा तिच्या नावावर ‘दोंदे एस्तान लोस लाद्रोनेस’ (१९९८) हा स्पॅनिश रॉक-पॉप अल्बम होता; त्यापाठोपाठ एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ मैफलीचे ध्वनिमुद्रण आले आणि त्याला २००१ मध्ये सर्वोत्कृष्ट लॅटिन पॉप अल्बमचे ग्रॅमी मिळाले. म्हणजे इंग्रजीत येईपर्यंत लाट ओसरत आली होती. हा उशीर ठरवून केलेला होता की भाषा शिकण्यात झाला, यावर लिहिणाऱ्यांत एकमत नाही. गाणी ज्या रीतीने तयार झाली ती पाहता दुसरे कारण जास्त पटते.

इंग्रजी शब्द कोणाचे : अल्बमविषयी सर्वांत जास्त वाद याच मुद्द्यावर झाला. मूळ बेत सरळ भाषांतराचा होता. ग्लोरिया एस्तेफान या क्यूबन-अमेरिकन गायिकेने ‘ओखोस आसी’ या जुन्या गाण्याचे इंग्रजी रूप करून दाखवले, ते शकिराला हे जमण्यासारखे आहे अशी खात्री पटवण्यासाठी. पुढे शकिराने स्वतःच लिहायचे ठरवले. उरुग्वेतल्या पुन्ता देल एस्ते भागात तिने मुक्काम टाकला, यमककोश आणि शब्दकोश विकत घेतले, वॉल्ट व्हिटमन आणि लेनर्ड कोहेन वाचले. ‘ऑब्जेक्शन (टँगो)’ हे तिने इंग्रजीत लिहिलेले पहिले गाणे. त्याचे श्रेय तिच्या एकटीच्या नावावर आहे, तर ‘व्हेनेव्हर, व्हेअरेव्हर’च्या श्रेयात टिम मिचेल आणि ग्लोरिया एस्तेफान यांची नावे आहेत. ‘सगळे तिनेच लिहिले’ आणि ‘सगळे दुसऱ्यांनी लिहून दिले’ ही दोन्ही विधाने श्रेयनामावलीपुढे टिकत नाहीत.

भाषांतर म्हणावे तर तेही नाही. जोडगाणी समोरासमोर ठेवली की कामाची पद्धत उघड होते : चाल कायम, कडव्याच्या शेवटचा नाद शक्यतो कायम, आणि त्या दोहोंत बसेल तेवढाच अर्थ. स्पॅनिशमध्ये बहुतेक शब्दांचा आघात उपान्त्य (शेवटून दुसऱ्या) अक्षरावर पडतो, त्यामुळे ओळ दोन सुरांवर संपते : पहिला जोरकस, दुसरा सोडलेला. इंग्रजीत असे शब्द आहेत, पण त्यांची यमके मोजकी. एकाक्षरी यमके मात्र हवी तेवढी. स्पॅनिश चालीवर इंग्रजी शब्द बसवणारा अडतो तो इथे. एकाक्षरी शब्द घेतला तर शेवटचा सूर रिकामा राहतो किंवा स्वर उगाच ताणावा लागतो.

‘सुएर्ते’ आणि ‘व्हेनेव्हर, व्हेअरेव्हर’ यांच्या दुसऱ्या कडव्यात हे नीट दिसते. स्पॅनिशमध्ये ‘सिन्सेरोस’शी ‘पेकेन्योस’ आणि ‘गानास’शी ‘मोन्तान्यास’ जुळते. ही स्वरयमके आहेत : पहिल्या जोडीत ए-ओ आणि दुसरीत आ-आ हे स्वर जुळले की काम झाले, व्यंजने वेगळी चालतात. आर्येतल्या कडक यमकाची सवय असलेल्या मराठी कानाला ही जोडी कच्ची वाटेल, स्पॅनिशमध्ये ती पूर्ण प्रतिष्ठित आहे. इंग्रजीत ही सोय नाही. तिथे पूर्ण यमक लागते आणि आघातही उपान्त्य अक्षरावरच हवा. म्हणून ‘मम्बल’–‘हम्बल’ आणि ‘फाउंटन’–‘माउंटन’ अशा जोड्या आल्या. ज्या ओळीची समीक्षकांनी सर्वाधिक टवाळी केली, ती म्हणजे आपले स्तन लहान आणि ‘विनम्र’ असल्याने प्रियकर त्यांना डोंगर समजणार नाही, ही. त्यातली डोंगराची गंमत स्पॅनिशमध्येही जशीच्या तशी आहे. मात्र तिथे स्तन नुसते ‘लहान’ आहेत. ‘विनम्र’ हे विशेषण यमकाने आणलेले आहे. ओळ विचित्र वाटते ती इंग्रजी कच्चे म्हणून, हे निदान अर्धेच खरे.

‘ऑब्जेक्शन’मध्ये अर्थाला याहून जास्त मोकळीक दिली आहे. ‘ते आविसो, ते आनुन्सिओ’चा अर्थ ‘तुला कळवते, जाहीर करते’ असा आहे. त्यात हरकत कुठेच नाही. स्पॅनिश ध्रुपद ‘आनुन्सिओ–रेनुन्सिओ–सुसिओस’ या उ-इओ नादावर उभे आहे, इंग्रजी ‘ऑब्जेक्शन–एक्सेप्शन–अटेन्शन’ या मालिकेवर. प्रेमाच्या त्रिकोणातून बाहेर पडणारी बाई तेवढी दोन्हींत सामाईक.

‘आइज लाइक युअर्स’ या तिसऱ्या उदाहरणात स्थलनामे नादामुळे वाचली. मूळ ‘ओखोस आसी’त बहरीनपासून बैरूतपर्यंतचा प्रवास येतो आणि ‘बैरूत’शी ‘सुर’ (दक्षिण) जुळते. इंग्रजीत उत्तर-दक्षिण ध्रुव गळाले. बैरूत राहिले, कारण ते ‘यू’शी जुळते. अरबी ओळी दोन्ही रूपांत आहेत. शकिराचे पितृकुल लेबनीज असल्याने त्यांचे मूळ शोधायला लांब जावे लागत नाही.

संगीत : निर्मितीची सूत्रे शकिराने मुख्यतः स्वतःकडे ठेवली. ‘द वन’ हे ग्लेन बॅलार्ड यांच्याबरोबर, ‘अंडरनीथ युअर क्लोद्ज’ लेस्टर मेंडेझ यांच्याबरोबर, आणि ‘पोएम टू अ हॉर्स’ जुने सहकारी लुइस फर्नांदो ओचोआ यांच्याबरोबर लिहिलेले आहे. ‘ऑब्जेक्शन’ बांदोनियन या अकॉर्डियनसारख्या वाद्यावर टँगोच्या ठेक्यात सुरू होऊन गिटारच्या रॉकमध्ये उडी घेते. ‘व्हेनेव्हर, व्हेअरेव्हर’मध्ये चारांगो हे छोटे तंतुवाद्य आणि बासऱ्यांची जुडी जोडून केलेले पॅनपाइप ही अँडीजची वाद्ये आहेत. बारांकिया हे कॅरिबियन किनाऱ्यावरचे बंदर. तिथल्या कुंबिया या नृत्यसंगीताशी या वाद्यांचा संबंध नाही. ती परदेशी श्रोत्याला ‘दक्षिण अमेरिका’ ऐकू यावी म्हणून घातली, हा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येत नाही. आवाजातली छातीच्या सुरातून डोक्याच्या सुरात होणारी झटक्याची उडी मात्र आधीच्या अल्बममधूनच आलेली आहे. भाषा बदलली तरी ती बदलली नाही.

स्वागत आणि खप : ‘व्हेनेव्हर, व्हेअरेव्हर’ अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत सहाव्या, ब्रिटनमध्ये दुसऱ्या, तर जर्मनी आणि ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर पोचले. ‘अंडरनीथ युअर क्लोद्ज’ अमेरिकेत नवव्या क्रमांकापर्यंत गेले. अल्बम बिलबोर्ड २०० यादीत तिसऱ्या क्रमांकावर दाखल झाला, पहिल्या आठवड्यात सुमारे दोन लाख प्रती खपल्या. अमेरिकेत त्याला तिहेरी प्लॅटिनम प्रमाणपत्र आहे. हे प्रमाणपत्र तीस लाख प्रती दुकानांकडे रवाना झाल्याचे असते, गिऱ्हाइकाने विकत घेतल्याचे नव्हे; दोन्ही आकडे एकच मानण्याची चूक नेहमी होते. जगभरातला खप साधारण एक कोटी तीस लाख सांगितला जातो. तो अशाच वेगवेगळ्या पद्धतींनी मोजलेल्या बेरजांवर उभा असल्याने अंदाज म्हणूनच घ्यावा. ‘सुएर्ते’च्या फ्रान्सिस लॉरेन्स दिग्दर्शित चित्रफितीला २००२ चे लॅटिन ग्रॅमी मिळाले.

समीक्षकांत दोन तट पडले. अमेरिकन रॉक-नियतकालिकांतला मोठा गट भाषांतरात जादू हरवली असे म्हणत होता. दुसऱ्या गटाला याच अडखळत्या, अनपेक्षित प्रतिमा गुळगुळीत पॉपपेक्षा ताज्या वाटल्या. लॅटिन अमेरिकेतल्या जुन्या श्रोत्यांची तक्रार निराळी होती : काळ्या केसांची, गिटार घेतलेली रॉक गायिका सोनेरी केसांची झाली, म्हणजे विकली गेली. ही तक्रार केसांबद्दल जास्त आणि गाण्यांबद्दल कमी होती. ‘के मे केदेस तू’ हे त्याच जुन्या वळणाचे गाणे अमेरिकेच्या लॅटिन यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, हे या तक्रारीच्या ओघात सहसा सांगितले जात नाही.

दौरा : या अल्बमनिमित्तचा जागतिक दौरा २००२–०३ मध्ये झाला. त्याचे नाव ‘टूर ऑफ द मंगूस’, म्हणजे मुंगसाचा दौरा. नागाला चावून हरवणारा प्राणी म्हणून हे नाव निवडले होते, आणि रंगमंचावर भला मोठा नाग उभा केलेला असे. (‘मंगूस’ हा इंग्रजी शब्द बहुतेक कोशकार मराठी ‘मुंगूस’वरूनच आला असे मानतात.) या दौऱ्याचे ध्वनि-चित्रमुद्रण २००४ मध्ये ‘लाइव्ह अँड ऑफ द रेकॉर्ड’ या नावाने निघाले. मुंबईत शकिराचा कार्यक्रम झाला तो मार्च २००७ मध्ये, पुढच्या अल्बमच्या दौऱ्यात.

आवृत्त्या : मूळ तेरा गाण्यांची तबकडी सर्वत्र सापडते. नोव्हेंबर २००२ मध्ये ‘वॉश्ड अँड ड्राइड’ ही मर्यादित आवृत्ती निघाली. तीत काही गाण्यांची बदललेली रूपे आणि सोबत डीव्हीडी आहे. स्पॅनिश नावाची आवृत्ती मुखपृष्ठावरच्या नावावरून ओळखता येते, पण इंटरनेटवरच्या संगीतसेवांवर दोन्ही आवृत्त्यांच्या नोंदी मिसळतात. तिथे पहिले गाणे पाहावे : ‘ऑब्जेक्शन’ असेल तर इंग्रजी, ‘सुएर्ते’ असेल तर स्पॅनिश बाजारपेठेची.