तुमच्या चित्रातला रेडा कोणता?

आमच्या दुकानात तैलचित्र काढून घ्यायला येणाऱ्यांपैकी बरेच जण म्हणतात, "एखादा प्राणी घाला, काहीतरी अर्थ असलेला." अशा वेळी आम्ही आधी एकच विचारतो: प्राणी तुमच्या ओळखीचा आहे का?

रेडाच घ्या. यमाचं वाहन तोच, देवीच्या पायाखालचा महिषासुर तोच, शेताच्या बांधावरचा म्हसोबाही त्याच कुळातला. आणि पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, तोही रेडाच. जनावर एक, पण चार कथांत चार अर्थ. नुसता काळा रेडा काढून यातलं काहीच कळत नाही. मान खाली आहे की वर, डोळा कुणाकडे लागलाय, शेजारी कोण उभं आहे, यावर अर्थ ठरतो.

पाय बांधून पाडलेला बैल चित्रकार तय्यब मेहतांनी अनेक वर्षं रंगवला आणि पुढे महिषासुर. त्यांच्या त्या चित्रांत देवी असुराला मारते आहे की कवेत घेते आहे, हे पटकन सांगता येत नाही. जुनी कथा आजच्या चित्रात आणायची तर अशी आणावी, असं आम्हाला मनापासून वाटतं. कॅलेंडरवरची पोज पुन्हा काढून घेण्यात तुमचे पैसे घालवू नका.

बेळगावात तर दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. मोरपिसं, कवड्यांच्या माळा, रंगवलेली शिंगं! गेल्या वर्षी एका गवळी कुटुंबाने अशाच एका म्हशीचा मोबाईलमधला फोटो आणला. फोटोत ती मालकाच्या खांद्याला नाक लावून उभी होती. देवी, असुर काही न काढता आम्ही तेवढंच रंगवलं. त्या घरातली आजी चित्रापुढे हात जोडून उभी राहिली.

म्हशीचा काळा मात्र वेळ खातो. ट्यूबमधला आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो आणि त्याच्या जाड थरावर दुसरा रंग चढवला तर पुढे भेगा पडतात. म्हणून आम्ही बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी आणि अल्ट्रामरीन हा निळा मिसळून काळा करतो. तो लवकर वाळतो, शिवाय पाठीवर ऊन पडल्यासारखी निळसर झाकही मिळते.

तैलरंग पाणी उडून वाळत नाहीत. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. म्हणून शेवटचं वार्निश सहा महिन्यांनी, थर जाड असेल तर वर्षाने. त्यासाठी चित्र परत आणून द्या, घाई करू नका.

आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नका. भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये बुचाचे तुकडे ठेवून वारा खेळता ठेवा. कॅनव्हास सैल पडला तर मागच्या चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी स्वतः ठोकू नका, दुकानात आणा. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटकायची; ओलं फडकं अजिबात नको. कापडात गुंडाळून कपाटात ठेवलेलं चित्र पिवळं पडतं. उजेडात टांगलं की पुष्कळ निवळतं, फक्त थेट ऊन नको.

ऑर्डर द्यायला येताना फोटो आणाच, पण त्या जनावराची घरात सांगतात ती गोष्टही आणा. मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा. कच्चं रेखाटन तुमच्यासमोर बसूनच करतो.