फ्यूम हूडच्या वेगाचा आकडा आणि लॅब बिल्डिंगचं हीटिंग

फ्यूम हूड म्हणजे रसायनांचा धूर ओढून बाहेर टाकणारं लॅबमधलं कपाट, त्याच्या तोंडाला वर-खाली सरकणारी काच असते, तिला सॅश म्हणतात. धूर बाहेर काढायला अमेरिकन विद्यापीठांच्या लॅबमध्ये पूर्वी चिमणी आणि उघड्या खिडक्यांवर भागायचं, ते सोडून देऊ. 1960 च्या सुमाराला फिलाडेल्फियात वास्तुविशारद लुई कानची, विटांचे एक्झॉस्ट टॉवर बाहेर काढलेली रिसर्च बिल्डिंग झाली, तिथे पाइप आणि डक्ट लॅबच्या छताला उघडेच होते, त्यावर धूळ बसते म्हणून संशोधक वैतागायचे. त्यानेच पुढे कॅलिफोर्नियातल्या ला होयाला साल्क इन्स्टिट्यूटमध्ये प्रत्येक लॅबच्या वर पाइप-डक्टसाठी अख्खा सर्व्हिस मजला दिला, मेंटेनन्सवाल्यांना लॅबमध्ये पाय न ठेवता काम करता येऊ लागलं.

पण खरा घोळ झाला तो हूडच्या तोंडाशी हवेचा वेग किती ठेवायचा यात. जास्त वेग म्हणजे जास्त सेफ, असं धरून आकडा चढत गेला आणि 1974 मध्ये कॅन्सरकारक रसायनांच्या अमेरिकन सरकारी नियमात तर मिनिटाला सरासरी 150 फूट आला. माझ्या मते हे महागात पडलं, कारण वेग फार वाढला की समोर उभ्या माणसाच्या अंगाभोवती भोवरे होतात आणि आतला धूर उलट त्याच्या तोंडाकडे येऊ शकतो. शिवाय लॅबची हवा परत फिरवत नाहीत, त्यामुळे हूड जेवढी हवा ओढतो तेवढी बाहेरून घेऊन हिवाळ्यात तापवायची, म्हणजे बॉयलर, हॉट वॉटरचे पाइप, रीहीट कॉइल (खोलीत येणारी हवा पुन्हा तापवणारी) सगळ्यांचा साइज त्या एका आकड्यावर ठरतो!

आणि हे सगळं 1973 च्या तेलटंचाईच्या लगेच नंतर. खर्च वाचवायला हूडच्या तोंडावर बाहेरची हवा धड न तापवता सोडणारे हूड लोकांनी बसवले, त्यात काम करणाऱ्याच्या डोक्यावर थंडीत गार झोत यायचा आणि धूर अडवण्यातही गडबड व्हायची. 1985 मध्ये हूडमध्ये ट्रेसर गॅस (सहज मोजता येणारा खुणेचा वायू) सोडून पुतळ्याच्या नाकापाशी किती येतो ते मोजायची प्रमाणित टेस्ट आली, तेव्हा कुठे नुसता वेग सोडून गळतीवर बोलणं सुरू झालं. 1990 च्या अमेरिकन लॅब नियमाच्या परिशिष्टात खोलीची हवा तासाला 4 ते 12 वेळा बदलावी असं आलं, म्हणजे तिप्पट फरक, आणि डिझायनर मंडळी बरेचदा वरच्या टोकालाच चिकटली.

नंतर व्हेरिएबल व्हॉल्यूम, म्हणजे गरजेप्रमाणे हवा कमी-जास्त करणारी सिस्टिम आली, सॅश खाली केली की एक्झॉस्ट कमी होतो, सप्लाय त्याच्यामागे कमी होतो. एक्झॉस्टची उष्णता ग्लायकॉलच्या पाइपमधून आत येणाऱ्या हवेला देणाऱ्या रनअराउंड कॉइलही बसल्या, त्यात दोन हवा एकमेकींत मिसळत नाहीत म्हणून लॅबला हेच बरं. पण सॅश दिवसभर उघडीच राहिली तर व्हेरिएबल सिस्टिमही जुन्या सिस्टिमसारखीच हवा ओढत बसते.