ड्रेनेजची लाईन नेमकी कुणाची?

ड्रेनेज तुंबलं की आधी झाकणं उघडली जातात. घरासमोरचं चेंबर काठोकाठ भरलेलं आणि त्याच्या पुढचं कोरडं, म्हणजे चोकअप त्या दोन चेंबरांच्या मधे. समोरचंच कोरडं असेल तर अडथळा घराच्या आत. दोन्ही भरलेली असतील तर दोष आणखी पुढे, रस्त्यातल्या मुख्य वाहिनीकडे. जाणत्या माणसाला एवढं कळायला पाच मिनिटं पुरतात. अडतं ते त्यानंतर: मधला तुकडा कुणाचा? खोदायचं कुणी, पैसे कुणी भरायचे?

पाइपाकडे कितीही निरखून पाहिलं तरी याचं उत्तर मिळत नाही. ते कायद्याच्या व्याख्येत असतं, आणि ही व्याख्या आजवर बऱ्याचदा सरकली आहे. ती सर्वांत जास्त सरकली इंग्लंडात, म्हणून या टिपणातला मोठा भाग तिथला आहे. पण प्रश्न त्याहून फार जुना.

रोममध्ये मोठी गटारं सरकारी होती. इसवी सनापूर्वी ३३ मध्ये अग्रिप्पा या अधिकाऱ्याने ती साफ करवली आणि मग होडीत बसून भुयारातून थेट टायबर नदीपर्यंत गेला. पाहणीचा असा उत्साह पुढे फारसा कुणी दाखवलेला दिसत नाही. खासगी नळ्यांचं काय, याचं उत्तर मात्र रोमन कायद्याने फार शहाणपणाने दिलं होतं. माझ्या घरातून निघालेली नळी तुमच्या घराखालून जात असेल, तर ती साफ करायला किंवा दुरुस्त करायला मला तुम्ही बळाने अडवू शकत नव्हता. त्यासाठी शेजाऱ्याच्या घरात शिरण्याची, फरशी उखडण्याचीसुद्धा मुभा होती. अट एकच, नुकसान झालं तर भरून देईन अशी हमी द्यायची. उल्पियन या कायदेपंडिताने कारणही नोंदवून ठेवलं आहे: साचलेल्या घाणीने हवा रोगट होते आणि इमारती ढासळतात. म्हणजे नळी खासगी असली तरी तिची सफाई ही सगळ्यांच्या कामाची बाब, हे तिथे मान्य होतं.

मध्ययुगीन लंडनमध्ये प्रश्न नळीचा नव्हता, खड्ड्याचा होता. शौचकूपाचा खड्डा दगडाने बांधलेला असेल तर शेजाऱ्याच्या हद्दीपासून अडीच फूट, नसेल तर साडेतीन फूट लांब हवा, असा नियम होता. खड्डा ज्याचा, उपसण्याचा खर्च त्याचा. तो वेळेवर उपसला नाही की काय होतं, हे सॅम्युअल पीप्स या नौदल अधिकाऱ्याच्या रोजनिशीत आहे. ऑक्टोबर १६६० मध्ये तो आपल्या तळघरात उतरला आणि पाय थेट मैल्याच्या ढिगात पडला. शेजाऱ्याचा खड्डा भरून याच्याकडे वाहत होता. चूक एकाची आणि घाण दुसऱ्याच्या घरात, हे या विषयाचं मूळ दुखणं तेव्हापासूनचं.

त्या काळी इंग्लंडात ‘सीवर’ होते, पण ते मैल्यासाठी नव्हते. पावसाचं आणि दलदलीचं पाणी वाहून नेणारे चर, ओढे, समुद्रालगतचे बांध यांचा सगळा कारभार ‘सीवर आयोग’ पाहत. १४२७ आणि १५३१ च्या कायद्यांनी या आयोगांना अधिकार मिळाले. आयोग स्थानिक पंचांना सोबत घेऊन पाहणी करत, कुणाच्या जमिनीला फायदा होतो, कुणाचं नुकसान टळतं हे ठरवत आणि त्याप्रमाणे पट्टी बसवत. ज्याला लाभ, त्याच्यावर भार. तत्त्व म्हणून खोट काढायला जागा नाही. घरांचा मैला या चरांत सोडणं तर लंडनमध्ये साधारण १८१५ पर्यंत गुन्हाच होता.

मग पाण्याचे संडास वाढले, खड्डे भराभर भरू लागले आणि कायद्याने उलटी उडी मारली. १८१५ पर्यंत जे निषिद्ध होतं ते १८४७ मध्ये सक्तीचं झालं: घराची नळी सीवरला जोडाच. कॉलऱ्याच्या साथी दुर्गंधीतून पसरतात अशी तेव्हाची समजूत होती, त्यामुळे खड्डे बुजवणं हाच उपाय वाटला. हजारो खड्डे बुजवले गेले आणि सगळा मैला लंडनच्या थेम्स नदीत गेला; पिण्याचं बरंचसं पाणीही त्याच नदीतून येई. १८४८-४९ च्या साथीत लंडनमध्ये चौदा हजारांहून अधिक माणसं दगावली.

सांभाळायचं कुणी, याचा तर पत्ताच नव्हता. शहरात आठ वेगवेगळे आयोग होते आणि प्रत्येकाने आपल्या हद्दीत आपल्या मापाने वाहिन्या बांधलेल्या. हद्द संपली की मोठी वाहिनी पुढच्या आयोगाच्या लहान वाहिनीत रिकामी होई. काही ठिकाणी उभ्या भिंतींची गटारं अंड्याच्या आकाराच्या गटारांना जोडलेली होती. लंडनच्या मुख्य वाहिन्या पुढे ज्याने बांधल्या त्या जोसेफ बाझलगेट या अभियंत्याने या विसंगतींचं वर्णन केलं ते वाचताना हसू येतं. त्यातून पाणी कसं वाहत असेल, या विचाराने मात्र येत नाही.

१८५५ च्या कायद्याने पहिल्यांदा नीट वाटणी झाली. मुख्य वाहिन्या ‘मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स’ या नव्या मंडळाकडे, गल्ल्यांतल्या वाहिन्या स्थानिक मंडळांकडे, घरातली नळी घरमालकाकडे. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने संसदेत बसवेना, तेव्हा कुठे बोर्डाला पैसे उभारायचे अधिकार मिळाले आणि बाझलगेटच्या सुमारे १३० किलोमीटर लांबीच्या मुख्य वाहिन्या उभ्या राहिल्या. त्यांचं कौतुक सगळे करतात. मला ती तीन पायऱ्यांची वाटणीही तितकीच महत्त्वाची वाटते, कारण जगातल्या बहुतेक शहरांत आजही साधारण तोच साचा आहे.

खरी मेख पुढे आहे. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने दोन शब्दांच्या व्याख्या केल्या. एकाच इमारतीचं किंवा एकाच आवारातल्या इमारतींचं सांडपाणी नेणारी नळी म्हणजे ‘ड्रेन’, ती मालकाची. बाकी सगळं ‘सीवर’; आणि थोडे अपवाद सोडले तर सीवर स्थानिक प्रशासनाच्या मालकीचा. वाचायला सरळ, पण परिणाम विलक्षण झाला. एका नळीला शेजारचं दुसरं घर जोडलं गेलं, की त्या जोडापासून पुढे ती ‘सीवर’, म्हणजे सरकारी! कुणी कधी जोडलं याची नोंद असो वा नसो. नगरपालिकेने दुरुस्तीची नोटीस काढायची, मालकाने खोदायला घ्यायचं, आणि खड्ड्यात दुसऱ्या घराची जोडणी दिसली की बिल नगरपालिकेवर उलटवायचं. वकिलांची चांदी झाली.

१८९० मध्ये ठिगळ लावलं गेलं. वेगवेगळ्या मालकांच्या घरांची सामायिक खासगी नळी दुरुस्त केली, तर तो खर्च त्या मालकांकडून वसूल करायची सोय झाली. पण दोन्ही घरं एकाच मालकाची असली तर हे कलम लागूच होत नसे. जमिनीखालचा पाइप तोच, फुटलेला जोडही तोच. जबाबदारी ठरायची ती घराच्या कागदपत्रांवरून.

शेवटी १९३६ च्या कायद्याने रेघ ओढली. तो लागू झाला १ ऑक्टोबर १९३७ ला. त्याआधीच्या सामायिक वाहिन्या सार्वजनिकच राहिल्या. त्यानंतर बांधलेल्या, प्रशासनाने रीतसर ताब्यात घेतल्या नाहीत तर खासगी. त्यामुळे एकाच रस्त्यावर जुन्या घरांची सामायिक लाईन सरकारी आणि समोरच्या नव्या घरांची खासगी, असं चित्र तयार झालं. नव्या घरातल्या कित्येकांना आपण पाइपाचे भागीदार आहोत हे कळायचं ते तुंबल्यावरच.

सामायिक लाईन काय असते हे मला घरचंच माहीत आहे. चार घरं एका लाईनवर, आणि उताराला शेवटचं आमचं. चोकअप आमच्या पुढे झाला की वरच्या तिघांचं पाणी नेहमीसारखं निघून जातं आणि उसळतं ते आमच्या बाथरूममध्ये. एकदा पाइपाच्या जोडातून झाडाची मुळं आत शिरली होती, केसांच्या गुंत्यासारखी, त्यात कपड्यांच्या चिंध्या अडकलेल्या. झाड आमचं नाही, चिंध्याही आमच्या नाहीत. वर्गणी मागत दारोदार फिरलो मात्र आम्ही. “आमच्याकडे तर काही तुंबलेलं नाही,” हे उत्तर तिन्ही दारांत मिळालं, आणि तिघंही खरंच बोलत होते.

इतरत्र ही रेघ वेगळ्या जागी मारली गेली. अमेरिकेत अनेक शहरांत घरजोडणी थेट मुख्य वाहिनीला भिडेपर्यंत मालकाची असते, म्हणजे सार्वजनिक रस्त्याखालचा तुकडासुद्धा. रस्ता शहराचा, त्याखालचा पाइप तुमचा, आणि रस्ता फोडायचा तर परवानगी काढून. काही शहरांत हीच जबाबदारी हद्दीच्या कुंपणाशी थांबते.

इंग्लंडात मधल्या काळात १९७४ पासून हे काम प्रादेशिक जल प्राधिकरणांकडे आणि १९८९ मध्ये खासगी कंपन्यांकडे गेलं, पण सामायिक लाईनचं भिजत घोंगडं तसंच राहिलं. ते सुटलं १ ऑक्टोबर २०११ ला, १९३७ च्या त्याच तारखेला, ७४ वर्षांनी. इंग्लंड आणि वेल्समधल्या, सार्वजनिक जाळ्याला जोडलेल्या सामायिक खासगी वाहिन्या आणि हद्दीबाहेरच्या घरजोडण्या एका फटक्यात मलनिस्सारण कंपन्यांकडे गेल्या. मालकाकडे उरली ती फक्त त्याच्या एकट्याच्या घराची, त्याच्या हद्दीतली नळी. १८७५ ची जी व्याख्या अव्यवहार्य म्हणून गुंडाळली होती, जवळपास तीच परत आली.

मात्र हे हस्तांतर १ जुलै २०११ पर्यंत जोडल्या गेलेल्या वाहिन्यांपुरतंच होतं. त्यानंतर बांधलेल्या वसाहतींमधली सामायिक लाईन, कंपनीने करार करून ताब्यात घेतली नसेल, तर पुन्हा रहिवाशांचीच.