परसातली भाजी आणि ‘सेंद्रिय’ या शब्दाचा गुंता
पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या परसात मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, कुंपणालगत शेवगा, दाराशी कढीपत्ता ही लागवड पूर्वापार चालत आली. तिला कोणी ‘सेंद्रिय’ म्हणत नसे, कारण शेणखत आणि पाचोळा यांपलीकडे काही घालायची पद्धतच नव्हती.

या नावाचे मूळ काही अंशी इंदूरला सापडते. तेथे १९२४ ते १९३१ या काळात एका ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञाने काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर कुजवून खत करण्याची रीत बसवली. तिचा आधार घेऊन इंग्लंडमध्ये उभ्या राहिलेल्या विचाराने १९४०च्या सुमारास शेत हा एक सजीव देह (इंग्रजीत ‘ऑरगॅनिझम’) मानला आणि त्यावरून ‘ऑरगॅनिक’ हे आपले नाव घेतले. मराठीत मात्र त्यासाठी रसायनशास्त्राच्या पुस्तकातला शब्द रूढ झाला आणि घोळ तिथेच झाला. त्या शास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनी संयुग. म्हणजे सेंद्रिय शेतीत वर्ज्य असलेला युरिया सेंद्रिय, २०११मध्ये न्यायालयाने बंदी घातलेले एंडोसल्फान हे कीटकनाशकही सेंद्रिय, आणि या शेतीत मर्यादेत चालणारे मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक मात्र असेंद्रिय! हिंदीने ‘जैविक’ पत्करले. पण मराठीत जैविक खत म्हटले की रायझोबियमसारख्या जिवाणूंचे पाकीट डोळ्यांसमोर येते, त्यामुळे ती वाटही सरळ नाही.

भाजी घरातच शिजत होती तोवर या सैलपणाने कोणाचे बिघडले नाही. २०१७च्या केंद्रीय नियमांनी मात्र प्रमाणपत्राशिवाय ‘सेंद्रिय’ म्हणून माल विकण्यास मनाई केली आणि थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला तेवढी सूट दिली. ही सूट रास्तच होती, कारण हंगामी पिकांना दोन आणि फळझाडांना तीन वर्षांचा रूपांतरकाळ (रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळण्याचा अवधी), शिवाय नोंदवह्या, हा व्याप चार वाफ्यांच्या मालकाला पेलणारा नाही. परंतु त्यामुळे शेजारी दिलेल्या पालकाच्या जुडीमागे केवळ देणाऱ्याचा शब्द उरतो, आणि बांधकामाच्या राडारोड्यावर आणून टाकलेली माती मुळात कुठली होती, हे बहुधा त्यालाही ठाऊक नसते.

पुढे ‘विषमुक्त’ आणि ‘नैसर्गिक’ हे शब्द आले. त्यांतल्या जीवामृतवाल्या, म्हणजे शेण-गोमूत्र-गुळाचे आंबवण वापरणाऱ्या पंथाला गांडूळखतसुद्धा मान्य नाही. पालिका मात्र अंगणातल्या त्याच गांडूळखताच्या खड्ड्यासाठी मिळकतकरात सवलत देते.