शनिवारवाडा जळाला, जोते उरले

शनिवारवाड्यात शिरलेले लोक हिरवळीवर एक फेरी मारतात आणि "आत काहीच नाही" म्हणत बाहेर पडतात. मला हे फार खटकते. महाल गेले हे खरे, पण त्यांचा आराखडा खऱ्या मापात दगडात उरला आहे.

पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी या वाड्याचा पाया घातला. त्या काळच्या वाड्यात घडीव दगडाचे जोते, म्हणजे उंच चौथरा, आणि त्यावर सागवानी सांगाडा असे. खांब जमिनीत पुरत नसत, तळखड्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर, उभा करत. त्यामुळे लाकडाला ओल आणि वाळवी सहसा लागत नसे. खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, म्हणजे कड्या आणि फळ्यांची तक्तपोशी. मजल्यांचे बरेचसे ओझे या लाकडावर असे, विटांच्या भिंती खांबांमधली जागा भरत. दोन खांबांमधला गाळा म्हणजे खण. म्हणून जोत्यावरच्या तळखड्यांच्या रांगा मोजल्या की दालन किती खणांचे होते, चौक कुठे होता, हे आजही कळते.

२७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली आणि ती अनेक दिवस धुमसत राहिली. लाकूड सुमारे ३०० अंश सेल्सिअसला तापले की त्यातून ज्वलनशील वायू निघू लागतात. तरी जाड तुळई चटकन जळत नाही. तिच्या पृष्ठभागावर कोळशाचा थर धरतो आणि तोच आतल्या लाकडापर्यंत जाणारी उष्णता अडवतो. आग विझली नाही, तर मात्र हा थर आत आत सरकतो, तुळई बारीक होते आणि एका क्षणी भार पेलेनासा होतो. विटा मुळात भट्टीतूनच निघालेल्या, त्यांचे आगीने फारसे बिघडत नाही. पण सांगाडा गेल्यावर त्यांना धरून ठेवणार कोण? जोत्याचा काळा पाषाण वितळायला हजार अंशांहून जास्त तापमान लागते, तेवढी धग तिथे पोचणे अवघड होते.

सोळा पाकळ्यांच्या कमळासारखे हजारी कारंजेही दगडी म्हणूनच टिकले. वाड्यात पाणी येई ते कात्रजच्या तलावातून, नानासाहेब पेशव्यांनी बांधवलेल्या नळातून. तलाव शहरापेक्षा उंचावर असल्याने पाणी उताराने आपोआप वाहत येई.

जोत्यावरून लांबी-रुंदी कळते, उंची नाही. त्यासाठी दिल्ली दरवाजावरचा नगारखाना पाहावा. तो तटाला लागून, आतल्या महालांपासून दूर असल्याने वाचला. त्याचे सागवानी खांब आणि कमानी शाबूत आहेत. जळालेल्या दालनांमधले लाकूडकाम कोणत्या घडणीचे होते, याचा अंदाज तिथेच येतो.