ट्रान्झिस्टरला रक्तातला नेमका रेणू कसा कळतो?

इंदुरात रामबाग, स्नेहलतागंज अशा आपल्या मराठी वस्त्यांतल्या एखाद्या आरोग्य शिबिरात कधी कधी टेबलावर एक यंत्र मांडलेले दिसते. मुठीत धातूची कांडी धरायची आणि रक्ताचा थेंबही न देता साखरेपासून जीवनसत्त्वांपर्यंतचा छापील अहवाल घरी न्यायचा. यंत्रावर ‘क्वांटम’ लिहिल्याने हा अहवाल वैज्ञानिक ठरत नाही. असा एखादा रेणू मोजायचा, तर त्याची किंवा त्याच्या एखाद्या खुणेची संवेदकाशी गाठ पडावीच लागते.

वीजवाहक प्लास्टिकच्या शोधासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना 2000 साली नोबेल मिळाले. त्याच कुळातल्या पेडॉट-पीएसएसचा पातळ थर खारट द्रावणात ठेवून त्याच द्रावणातल्या गेटला, म्हणजे प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या इलेक्ट्रोडला, धन व्होल्टेज दिले, की सोडियमसारखे आयन थराच्या संपूर्ण जाडीत शिरतात आणि त्यातून वाहणारा प्रवाह घटतो. त्यामुळे गेटवरचा मिलिव्होल्टांचा फरकही प्रवाहात ठळक उमटतो. मात्र तो फरक कोणत्या रेणूने घडवला, हे थर आणि गेट मिळून बनलेल्या या ट्रान्झिस्टरला कळत नाही.

ती ओळख रसायनशास्त्र देते. गंधक सोन्याला घट्ट धरतो, म्हणून सोन्याच्या गेटवर गंधकाचे टोक असलेले रेणू बसवून त्यांच्या दुसऱ्या टोकाला प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक रेणूच पकडणारे प्रथिन, जोडतात. उरलेले उघडे सोने लहान रेणूंनी झाकावे लागते, नाहीतर रक्तातले कोणतेही प्रथिन तिथे चिकटते.

खरी अडचण पुढेच आहे, आणि मला या विषयात सर्वांत मोहक वाटते ती तिच्यावरची युक्ती. द्रावणातल्या प्रत्येक विद्युतभाराभोवती विरुद्ध भाराचे आयन जमतात आणि त्याचा प्रभाव झाकतात. रक्ताइतक्या क्षारतेत हा प्रभाव 1 नॅनोमीटरच्या आतच विरतो. या अंतराला डिबाय लांबी म्हणतात. प्रतिपिंडाची उंची मात्र सुमारे 10 नॅनोमीटर असते, म्हणजे त्याच्या वरच्या टोकाने पकडलेले प्रथिन गेटला जाणवतच नाही. नमुना शंभरपट पातळ केला तर ही लांबी दहापट होते, पण क्षार बदलले की रेणूंची परस्परांवरची पकडही बदलते. म्हणून प्रतिपिंडाच्या जागी अॅप्टामर, म्हणजे डीएनएची आखूड एकेरी साखळी, बसवतात. तिच्या कण्यावर ओळीने ऋण भार असतात. लक्ष्य रेणू सापडताच ती ओंजळ मिटावी तशी त्याच्याभोवती दुमडते आणि तिचे स्वतःचे भार गेटच्या जवळ येतात किंवा दूर जातात. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकावर स्वतःचा भार नसतो, तरीही या मार्गाने त्याचा संकेत मिळू शकतो.

तासागणिक संकेत आपोआपच सरकतो, म्हणून शेजारी दुसरा गेट ठेवतात. त्याच्या साखळीतले घटक तेच, पण त्यांचा क्रम विस्कटलेला असतो, म्हणून ती लक्ष्य रेणू पकडत नाही; दोन्ही गेटच्या संकेतांमधली तफावत तेवढी मोजणीत धरतात.