वाळलेलं शेण म्हणजे शेणखत नव्हे

वसंत पंचमी झाली की इंदुरात लोडिंग रिक्षा फिरू लागतात. मागे पोती आणि पोत्यांवर बसलेला एक पोरगा. फाटक उघडलं की ठरलेलं वाक्य येतं: "साहब, साल भर पुराना है, एकदम खाद." आमचे लोक पोत्यात हात घालतात. आत कोरडं, तपकिरी, भुसभुशीत काहीतरी लागतं, वासही नसतो. लगेच चार पोती उतरवून घेतात. मग होळीला मला विचारतात, "अहो, खत घातल्यापासून लॉन आणखीच पिवळं का पडलं?"

कारण तुम्ही खत घातलंच नाही. तुम्ही गोवऱ्यांचा चुरा घातला.

थंडीनंतर लॉन जागं करायची बाकीची तयारी तुम्हाला येते. गवत खाली कापायचं, खराट्यानं वाळकं ओढून काढायचं, काट्यानं भोकं पाडायची. थंडीत पिवळी पडलेली हरळी मेलेली नसते, नुसती थांबलेली असते, हेही ठाऊक असेलच. शेणखत चांगलं की गांडूळखत, या वादात मला रस नाही. दोन्ही नीट तयार झालेली असतील तर जे जवळ मिळेल ते घ्या.

घोटाळा एकाच ठिकाणी होतो. वाळणं आणि कुजणं या दोन गोष्टी लोक एकच समजतात. वाळायला ऊन लागतं, आठ दिवसांत काम होतं. कुजायला ओल, हवा आणि महिने लागतात, कारण ते काम जिवाणूंचं आहे आणि कोरड्यात त्यांना काम करता येत नाही. शेण उन्हात वाळलं की कुजणं जिथल्या तिथे थांबतं. त्यामुळे 'साल भर पुराना' खरं असूनही निरुपयोगी असतं. गोवरी दहा वर्षं माळ्यावर ठेवली तरी गोवरीच राहते.

आता हा चुरा लॉनवर पसरून तुम्ही नळी सोडता. थांबलेलं कुजणं पुन्हा सुरू होतं, पण या वेळी गवताच्या मुळाशी. शेणातला काडीकचरा पचवायला जिवाणूंना नत्र लागतं आणि ते मातीतूनच उचलतात. गवत नुकतंच जागं होऊन नत्र मागत असतं, नेमकं तेव्हाच त्याच्या तोंडचा घास जातो. म्हणून ते पिवळं पडतं. शिवाय कोरड्या शेणाला वाळवी लागते. आणि गुरांनी खाल्लेल्या बथुआ-राजगिऱ्यासारख्या तणांचं बी शेणातून धडधाकट बाहेर येतं. नीट लावलेला ढीग आतून साठ अंशांच्या आसपास तापतो, हात ठेववत नाही, आणि त्या उष्णतेत बरंचसं बी मरतं. उन्हात वाळलेल्या पोत्यात ते बी जिवंतच असतं. वाफ्यात निदान खुरपं चालवता येतं. लॉनमध्ये बथुआ उपटता उपटता मार्च संपतो.

हे इंदूरकरांना सांगावं लागतं याचं मला जास्त वाईट वाटतं. जगभर ज्याला 'इंदूर पद्धत' म्हणतात ते कंपोस्ट इथेच तयार झालं. 1924 साली इथे सुरू झालेल्या वनस्पती संशोधन संस्थेत इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ती पद्धत बसवली आणि 1931 मध्ये छापून जगापुढे ठेवली. पालापाचोळा, शेण, गोमूत्रानं भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओल टिकवायची आणि ढीग तीनदा वरखाली करायचा. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. त्या पद्धतीचं सगळं मर्म ओल आणि हवा राखण्यात आहे. आणि आम्ही त्याच गावात पोत्याचं वय विचारतो!

दिसायला शेणखत आणि वाळलेलं शेण सारखीच असतात, म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. मूठभर माल घ्या, पिळलेल्या फडक्याइतका ओला करा आणि बरणीत बंद करून दोन दिवस ठेवा. झाकण उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला तर ते शेणखत. गोठ्याचा वास आला तर शेण. बोटांत चोळल्यावर गवताच्या काड्या ओळखू येत असतील तर बरणीचीही गरज नाही. मी स्वतः ही परीक्षा न करता एकदा सहा पोती घेतली होती. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "गाय घेतलीत की काय?" तेव्हापासून बरणी फाटकाजवळच असते. पोतीवाला हसतो, हसू दे.

खरं शेणखत मिळालं तरी ते नुसतं फेकू नका. चाळून घ्या, वाळू आणि मातीत मिसळा आणि इतकं पातळ पसरा की गवताची टोकं वर दिसत राहतील. मातीही जरा बघून घ्या. आपली काळी माती ओली असताना चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिचाच थर पुन्हा वर देणं मला पटत नाही.

आणि चार पोती घेऊन बसलाच असाल तर परत करायची खटपट करू नका. कोपऱ्यात सावलीला ढीग करा, झाडलेला पाला मिसळा, नळाला नर्मदेचं पाणी येईल त्या दिवशी शिंपडा, वर गोणपाट टाका आणि पंधरवड्यानं एकदा फावड्यानं उलटा. जूनमध्ये पाऊस पडायच्या बेतात असताना ते लॉनवर जाईल. या फेब्रुवारीत लॉनला नुसतं पाणी द्या.